ओटीपी निलंग्याला जातो

तिसऱ्या वर्षाची मुलं लॅबमध्ये येऊन बसली होती, प्रोजेक्टर लागला होता, आणि भिंतीवर सहा रिकामे चौकोन उमटले होते. त्या चौकोनांत भरायचे आकडे लुंबिनीकडं नव्हते. ते निलंग्याला, विभागप्रमुख संगमेश्वर सरांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या फोनवर गेले होते.

लुंबिनी मुलांकडं पाठ करून खिडकीशी गेली आणि फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडून आवाज आला.

"काकू, मी लातूरहून, कॉलेजातून बोलतेय. सरांनी सांगितलं असेल. आत्ता एक मेसेज आला असेल बघा."

"मेसेज लई येत्यात. कुठला?"

"अगदी वरचा. सहा आकडे असतील."

"थांबा, चष्मा घिऊन येते."

चष्मा सापडेपर्यंत आकड्यांची मुदत संपली. लुंबिनीनं दुसरे आकडे मागवले. या वेळी शिवकांताकाकूंनी वाचायला सुरुवात केली, "चार... नऊ... सोन्ने..." आणि थांबल्या. "सोन्ने म्हणजे ते, शून्य. माझं माहेर भालकीकडलं हाय. आकडे तोंडात कानडीच येत्यात."

"चालतंय, सांगा तुम्ही."

"एरडु, आरु, एळु."

लुंबिनीनं मोठ्यानं विचारून घेतलं, "एरडु दोन, आरु सहा, एळु सात?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. लुंबिनीनं आकडे भरले आणि भिंतीवर सॉफ्टवेअर उघडलं. तासाचा निम्मा वेळ गेला होता.

लुंबिनी नांदेडची. लातूरच्या या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर गणित शिकवायची, म्हणजे सत्र सुरू झालं की नेमणूक आणि सत्र संपलं की घरी. शिकवता शिकवता नांदेडच्या विद्यापीठात तिची पीएचडी चालू होती. या वर्षी कॉलेजनं मोठ्या कौतुकानं गणिताचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. समीकरण घातलं की उत्तर, आलेख, रंगीत चित्रं सगळं देणारं. अभ्यासक्रमात त्याची प्रात्यक्षिकं होती आणि ती घ्यायची होती लुंबिनीला. पण ते उघडायचं तर कॉलेजचा ई-मेल आयडी लागायचा. तो मागायला ती ऑफिसात गेली तेव्हा क्लार्कनं मान वर न करताच सांगितलं, "आयडी मंजूर पदावरच्यांनाच हाय मॅडम. तुमची ऑर्डर सत्रापुरती."

"पण प्रॅक्टिकल मीच घेते."

"ते विभागाचं बघा. आयडी ऑफिसचा विषय हाय."

विभागाचं बघायला ती संगमेश्वर सरांकडं गेली. सर रिटायरमेंटला आले होते. निलंग्याहून रोज येऊन-जाऊन करायचे. फळ्यावर खडूनं शिकवावं तर त्यांनीच, असं जुने विद्यार्थी सांगायचे. कॉम्प्युटरच्या वाटेला मात्र ते जात नसत. त्यांनी आपला आयडी आणि पासवर्ड एका कागदावर लिहून तिच्यापुढं सरकवला.

"माझाच वापरा. मी काय तो उघडणार न्हाई."

नंतर कळलं की दर वेळी मोबाईलवर आकडे येतात, आणि ऑफिसच्या दप्तरी सरांचा जुना नंबर आहे. तो फोन आता घरी असायचा, शिवकांताकाकूंकडं. नंबर बदलून मागायचा तर अर्ज, आणि अर्ज केला की विचारणा. सर म्हणाले, "कशाला उगी. घरी फोन लावत जावा. ती देते."

तेव्हापासून लुंबिनीचा दिवस एका न पाहिलेल्या बाईच्या दिवसावर चालायला लागला. सकाळी काकू गोठ्यात असायच्या, तेव्हा फोन घरात वाजत राहायचा. दुपारी तो चार्जिंगला, आणि लाइट गेलेली असली तर बंद. सोमवारी देवळात. लुंबिनीला हे सगळं पाठ झालं. पंधरा मिनिटं हात लावला नाही की सॉफ्टवेअर आपोआप बाहेर पडायचं, म्हणून ती डबा खाताना डाव्या हातानं माऊस हलवत बसायची. कुणी दारात येऊन बोलायला लागलं तरी तिचं अर्धं लक्ष पडद्यावर असायचं. लॅब सांभाळणारा दयानंद एकदा म्हणाला, "मॅडम, तुम्ही जेवून का न्हाई येत? मी हलवतो की उंदीर."

"नको. चुकून बंद झालं तर परत फोन करावा लागतो."

खरं म्हणजे तिला प्रात्यक्षिकांपेक्षा पीएचडीची घाई होती. तिचा भाऊ धम्मदीप अर्धापूरला केळी पिकवायच्या चेंबरवर सुपरवायझर होता. यंत्रानं गार ठेवलेल्या बंद खोलीत क्रेटवर क्रेट रचतात, गॅस सोडतात, आणि केळी पिकता पिकता स्वतःच तापायला लागतात. मधल्या क्रेटमधली जास्त तापली की वरून पिवळी आणि आतून मऊ होतात. ती उष्णता खोलीत कुठून कुठं जाते, हे समीकरणात बसवणं हा लुंबिनीचा विषय. समीकरण तिनं बसवलं होतं. पण ते हातानं सुटणारं नव्हतं, आणि तिच्या गाइड मॅडमचा सगळा प्रोग्रॅम याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला होता. फुकटातलं दुसरं एक तिनं वापरून पाहिलं. त्यात तो प्रोग्रॅम पुन्हा मुळापासून लिहावा लागला असता, आणि पूर्व-सादरीकरणाची तारीख डिसेंबरातली होती. नांदेडच्या एका दुकानातून चोरीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणलं, तर त्यानं लॅपटॉपच बंद पाडला.

म्हणून काकू.

काकूंना हळूहळू त्या फोनची सवय लागली. आकडे सांगून झाले तरी त्या बोलत राहायच्या.

"एवढं काय करून राहिलात ओ तुम्ही त्याच्यात? बँकेचं का?"

"नाही काकू. केळी कशी पिकतात त्याचं गणित."

"केळाचं गणित?" त्या हसल्या. "आमच्यात केळं तांदळात घालून पिकवायचे."

दुसऱ्या एका दिवशी लुंबिनीनं त्यांना बजावलं, "काकू, हे आकडे माझ्याशिवाय कुणालाच सांगायचे नाहीत. कुणीही मागू दे. हल्ली फसवणारे लई हायत."

"न्हाई सांगत. मी काय येडी हाय का."

मग एकदा त्यांनी नाव विचारलं. तोवर ती नुसती 'लातूरच्या मॅडम' होती.

"लुंबिनी."

"हे कसलं नाव?"

"बुद्धांचा जन्म झाला ते गाव."

पलीकडचा आवाज जरा उतरला. "आसं. म्हणजे तुम्ही जयभीमवाले."

"हो."

"बरं, ठेवते. दूध आलंय वर."

पुढचे काही दिवस काकू नुसते आकडे सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या. लुंबिनीला ते लागलं, आणि लागलं याचाच तिला राग आला. या बाईशी आपलं नातं सहा आकड्यांचं, तिच्या बोलण्या-न बोलण्याचं आपल्याला काय. तरी लॅबमध्ये बसल्या बसल्या तिच्या मनात तेच फिरायचं. नाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज उतरतो तो तिनं लहानपणापासून ऐकलेला होता. या वेळीही तोच का, की खरंच दूध वर आलं होतं? शनिवारी नांदेडच्या एसटीत बसली आणि अहमदपूरपर्यंत तेच डोक्यात. घरी आई, सुमनबाई, ताट वाढता वाढता म्हणाली, "जीव कुठं हाय तुझा? पोरगी जेवायला बसली का परीक्षेला?"

"काही नाही गं. काम अडकलंय."

मग एक दिवस काकूंनी आकडे सांगितले आणि थांबल्या. "चार-आठ दिस बोलाय येत नव्हतं बघा. दाढ काढली. गाल असा सुजला हुता." लुंबिनी म्हणाली, "काळजी घ्या." दाढ खरी असेल, कदाचित दाढ आणि तो उतरलेला आवाज, दोन्ही खरं असेल. तिनं त्यावर जास्त विचार करायचा नाही असं ठरवलं, पण ते ठरवणं काही टिकलं नाही.

नोव्हेंबर संपता संपता गणितानंच घात केला. धम्मदीपनं क्रेटमध्ये तापमापक ठेवून आकडे पाठवले होते. लुंबिनीच्या हिशेबात मधली रांग जेवढी तापत होती त्याच्यापेक्षा खरी रांग बरीच जास्त तापत होती. तिनं पुन्हा पुन्हा गणित चालवलं. चूक सापडेना. त्यातच स्टाफ मीटिंग आली.

प्राचार्यांनी डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला आणि सांगितलं की सॉफ्टवेअरच्या कंपनीकडून वापराचा अहवाल आलाय. सगळ्या कॉलेजात सर्वांत जास्त वापर संगमेश्वर सरांचा आहे. "सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर माणूस नवं तंत्रज्ञान शिकतो, हा आदर्श आहे," असं म्हणून त्यांनी शाल मागवली. सर उठले. त्यांचा चेहरा पडला होता, पण ते पुढं गेले आणि शाल घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत लुंबिनीनंही वाजवल्या, कारण बाजूचे सगळे वाजवत होते.

व्हरांड्यात सर तिच्यासाठी थांबले. शाल घडी करून पिशवीत घातली होती.

"मॅडम, मला तिथं काय बोलावं कळलं न्हाई."

लुंबिनी त्यांच्याबरोबर चालायला लागली.

"पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येणार हाय. तिच्यासमोर मीच चालवून दाखवावं म्हणतेत प्राचार्य. तुम्ही तेवढं माझ्या मागं उभं राहा. आणि तोवर..." ते पिशवीकडं पाहत म्हणाले, "तोवर वापरू नका. उगी मोजलं जातंय."

"सर, माझं सादरीकरण आहे."

"आठ दिवसाचं तर हाय."

तिच्याकडं आठच दिवस होते. खोलीवर जाऊन ती कागदावर गणित मांडत बसली, मग उठून फेऱ्या घालायला लागली. खाली शिकवणीचे वर्ग सुटले होते, डॉक्टर व्हायला निघालेली पोरं सायकली काढत होती. ती कितीतरी वेळ तशीच इकडून तिकडं चालत राहिली. काकूंना परस्पर फोन करावा, असं एकदा वाटलं. सरांना कळलंही नसतं. नंबर काढला आणि परत ठेवला. नवऱ्याच्या पाठीमागून बायकोला राबवायचं, हे तिला जमलं नाही.

समिती आली तेव्हा लॅब फुलांच्या माळांनी सजली होती. तिघं जण होते. अध्यक्ष होत्या धारवाडच्या एक वयस्कर प्राध्यापिका, पांढरे केस, कॉटनची साडी. प्राचार्यांनी सरांची ओळख करून दिली. सर खुर्चीत बसले. लुंबिनीनं सांगितल्याप्रमाणे नाव आणि पासवर्ड त्यांनी एका बोटानं टाइप केला. भिंतीवर सहा चौकोन आले.

सरांनी मागं वळून लुंबिनीकडं पाहिलं. दोघांच्याही लक्षात आलं की सॉफ्टवेअर न उघडताच केलेल्या रंगीत तालमीत हे राहूनच गेलं होतं.

"एक मिनिट," सर म्हणाले आणि त्यांनी घरी फोन लावला. कानाला लावताना बोट कुठंतरी लागलं आणि स्पीकर सुरू झाला.

"अगं, मेसेज आलाय बघ. आकडे सांग."

"कशाला?" काकूंचा आवाज सगळ्या लॅबभर गेला.

"सांग तू लवकर. लोक बसलेत."

"न्हाई सांगायचे. लुंबिनी मॅडम म्हणल्यात, त्यांच्याशिवाय कुणालाबी द्यायचे न्हाईत."

"अगं मी मागतोय. माझाच हाय तो आयडी."

"तुमचा? तुम्ही कधी उघडलाव का ते? रोज त्याच मागत्यात. त्यांना द्या फोन."

प्राचार्य खाली पाहायला लागले. दयानंद दाराबाहेर निघून गेला. अध्यक्ष बाईंनी शांतपणे विचारलं, "या लुंबिनी मॅडम कोण?"

लुंबिनी सरांच्या खुर्चीमागंच उभी होती. "मी," ती म्हणाली. आता लपवून काही उरलं नव्हतं. तिनं सरांच्या हातातून फोन घेतला. "काकू, मी बोलतेय. सांगा."

काकूंनी कानडीतूनच सांगितले. लुंबिनी टाइप करत होती, आणि अध्यक्ष बाई सवयीनं पुटपुटल्यासारखे तेच आकडे तिच्याबरोबर म्हणत होत्या. सॉफ्टवेअर उघडलं. सर खुर्चीतून उठले आणि बाजूला झाले.

"काय करता यात?" बाईंनी विचारलं.

लुंबिनीनं केळीच्या चेंबरचं चित्र उघडलं. निळ्यातून लाल होत जाणारी क्रेटांची रांग भिंतीवर आली. सुरुवातीला ती अडखळत बोलली, मग विषयच तिला पुढं घेऊन गेला. मधली रांग हिशेबापेक्षा जास्त का तापते ते कळत नाही, हेही तिनं सांगून टाकलं.

बाईंनी थोडा वेळ चित्र पाहिलं. "तुमची खोली पूर्ण बंद आहे. खऱ्या खोलीचं दार कधीच उघडत नाही का?"

लुंबिनीनं भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं. दार आणि त्यातून आत शिरणारी बाहेरची गरम हवा तिनं हिशेबात धरलीच नव्हती.

समिती पुढच्या विभागाकडं गेली तसं प्राचार्यांनी दोघांना आत बोलावलं. दुसऱ्याचा आयडी वापरणं कराराच्या बाहेर आहे, कंपनीनं मनात आणलं तर सगळ्यांचंच बंद करील, हे तुम्हाला कळत नव्हतं का, असं त्यांनी लुंबिनीला विचारलं. तिनं उत्तर द्यायच्या आधी संगमेश्वर सर बोलले.

"मी दिला. त्यांनी आधी ऑफिसला मागितला हुता. न्हाई मिळाला म्हणून मी दिला. आणि शाल घेताना मी गप्प बसलो, ती बी माझीच चूक."

प्राचार्य बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले. त्या दिवशी सरांचा आयडी बंद झाला.

बाहेर येताच लुंबिनीनं धम्मदीपला फोन केला. "चेंबरचं दार दिवसात किती वेळ उघडं असतं रे?"

"माल काढताना उघडतो की. ट्रक लागला का मग उघडंच ऱ्हाते, हमाल आत-बाहेर करून राहतेत. का?"

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

उत्तर हातात आलं होतं आणि ते चालवून पाहायला सॉफ्टवेअर नव्हतं. नांदेडला सादरीकरणासाठी निघाली तेव्हा गाडीत तिला एका जागी बसवेना. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली, ती उगीचच खाली उतरली आणि चहा न घेताच परत चढली. विद्यापीठातल्या परीक्षकांसमोर तिनं जुनेच आलेख दाखवले आणि सरळ सांगितलं की दार राहिलंय, ते घातल्याशिवाय हे पूर्ण नाही. एक परीक्षक म्हणाले, "मग घाला आणि मग या." गाइड मॅडमनी सत्र संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. ती नापासही झाली नाही आणि पासही झाली नाही. घरी आईनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "अजून व्हायचंय."

तपासणी समितीनं जाता जाता लेखी शिफारस केली होती की शिकवणाऱ्या सगळ्यांना, नेमणूक कशीही असो, सॉफ्टवेअर मिळावं. त्यामुळं ऑफिसला हलावं लागलं. क्लार्कनं तिला बोलावून स्लिप दिली. नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. खाली लिहिलं होतं, मुदत सत्रअखेर. तिनं स्पेलिंगबद्दल काही म्हटलं नाही. दुरुस्तीला गेलेली स्लिप परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. सरळ लॅबमध्ये जाऊन ती बसली. आकडे तिच्याच फोनवर आले.

दारासह गणित चालायला वेळ लागत होता. ते चालू असतानाच फोन वाजला. निलंग्याचा नंबर होता. त्या नंबरवरून तिला कधी फोन आला नव्हता.

"मॅडम, बंदच झालं की तुमचं. रागावलाव का?"

"नाही काकू. आता मला माझाच आयडी मिळाला. तुम्हाला त्रास नाही द्यायचा."

"त्रास कसला. ह्यांनी सांगितलं समदं. मी आपली बोलत गेले, मला काय म्हाईत लोकं ऐकून ऱ्हायलेत." मग त्यांनी विषय बदलला. "शुक्रवारी येळवस हाय. शेतात या जेवाय."

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूरकडं सगळं गाव शेतात जाऊन जेवतं, ओळखीच्या-बिनओळखीच्यालाही हाक मारतात, हे लुंबिनीला माहीत होतं. तरी पाहुणे विचारणार, कुठल्या, आडनाव काय. मग काकू काय सांगणार, आणि आपण त्या वेळी कुठं पाहायचं?

"काम आहे काकू खूप."

"काम हायच की. जेवाय लागतंयच का न्हाई?"

ती गेली. बांधावर कडब्याची कोपी उभी केली होती, आत दगडांची पूजा मांडलेली. शिवकांताकाकू तिच्या मनात होत्या त्यापेक्षा बुटक्या निघाल्या. त्यांनी तिला बायकांच्या पंगतीत आपल्याशेजारी बसवलं. आंबिलीचं मडकं फिरलं, डाळी-पालेभाज्यांची भज्जी आली, बाजरीचे वाफवलेले उंडे आले. पलीकडच्या एका म्हातारीनं अपेक्षेप्रमाणं विचारलंच, "कुण्या गावच्या? कुणाच्या?"

लुंबिनीचा हात घासाजवळ थांबला.

"नांदेडच्या," काकू म्हणाल्या. "बुद्धाच्या घरच्या हाईत. घ्या ओ, भज्जी घ्या." आणि म्हातारीच्या पानात त्यांनी पळीभर वाढलं. म्हातारी एकदा लुंबिनीकडं, एकदा पानाकडं पाहून जेवायला लागली. तिच्या बाजूची एक बाई मात्र थोड्या वेळानं उठून दुसरीकडं बसली. काकूंनी ते पाहिलं की नाही, लुंबिनीला कळलं नाही. ती जेवत राहिली.

सर आंब्याखाली बसले होते. हात धुवायला गेली तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या सत्राच्या मुलाखतीला मी नसणार मॅडम. मी असतो तर जोर लावला असता."

"कळतंय सर."

"तुमचं ते दाराचं बसलं का?"

"निम्मं बसलं. मधली रांग जुळतेय आता. वरची बिघडली."

सर पहिल्यांदाच मोकळे हसले. "सीमेवरच्या अटी तपासा, भिंतीशी, छताशी काय धरलंय ते. ती चूक तिथंच असते बहुतेक." मग त्यांनी काडीनं मातीत समीकरण लिहायला घेतलं. लुंबिनी उकिडवी बसून पाहू लागली, आणि एका चिन्हावर तिनं त्यांचा हात थांबवला. बराच वेळ दोघं मातीत खोडत आणि लिहीत राहिले.

काकूंनी खिरीचा डबा आणून तिच्या हातात दिला. "दुपारची गाडी गाठा. नंतरच्या गाडीला पाय ठेवाय जागा नसती आज."

दुपारच्या गाडीलाही जागा नव्हतीच. औशापर्यंत ती उभी राहिली, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं वरची दांडी धरून. ते चिन्ह बदललं तर वरची रांग खाली येईल का, याचा हिशेब ती करत होती. लॅब बंद व्हायच्या आत पोचता येईल का, म्हणून तिनं दयानंदला फोन लावला.

"किल्ली घेऊन जाऊ नका," ती म्हणाली. "मी येतेय."

"मॅडम, आज सुट्टी हाय. मी शेतात हाय."

तिनं फोन ठेवला. उद्या सकाळी लॅब उघडायला अजून सगळी रात्र जायची होती.